लगतच्यांना नोटीस

हे लिहायला बसण्याआधी मी तीन नोटिसा पाठवल्या. एक इमरानला, एक सुमनला आणि एक कॅनडात अनिकेतला. इंगोलेकाकांबद्दल लिहायचं तर त्यांच्याच पद्धतीनं लिहायचं, असं ठरवलं होतं. इमराननं ‘कुछ भी लिखो भाभी’ एवढंच कळवलं. सुमननं दोन गोष्टी काढायला सांगितल्या, तिच्या गावाचं नाव आणि तिच्या आजीचं नाव. त्या काढल्या. अनिकेत हा काकांचा मुलगा. त्याचं उत्तर आलं नाही, पण मोबाइलवर दोन निळ्या खुणा आल्या. काकांच्या नियमात तेवढं बसतं. “नोटीस पोचली पाह्यजे. हजर राहनं न राहनं ज्याच्या त्याच्या मर्जीवर,” असं ते म्हणायचे.

प्रभाकर इंगोले अकोल्याच्या मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि अमरावतीत आमच्या गल्लीत राहायला आले. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढायच्या बेतात आले, की ज्याला बोलावतात तो हा माणूस. साखळी टाकायची, हद्दीचे दगड शोधायचे, नकाशाशी ताळा घ्यायचा आणि ‘इथपर्यंत तुझं, इथून त्याचं’ असं सांगून निघून यायचं. दोन्ही भाऊ नाराज झाले तर मोजणी बरोबर झाली, असा त्यांचा अनुभव होता. अंगानं काटकुळे, पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं. चालताना ओठ हलायचे. आधी मला वाटलं, जप करतात. नंतर कळलं की पावलं मोजतात. माझ्या दुकानाच्या पायरीपासून त्यांच्या फाटकापर्यंत अठ्ठ्याऐंशी पावलं होतात हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात, मी विचारलेलं नसताना, सांगितलं.

माझं मेडिकलचं दुकान आहे. दुकान खरं तर माझ्या मिस्टरांचं. ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेरवीनंतर चौथ्या दिवशी मी शटर वर केलं. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे मी काही नव्हते. दाढ काढायच्या इंजेक्शननं गाल बधिर होतो, तसं झालं होतं सगळं. हात लावला तर आपलाच गाल आहे हे कळतं, पण लागत नाही. इंजेक्शन कधीतरी उतरेल असं मी धरून चालले होते. ते उतरलं नाही, आणि मीही मागे लागले नाही.

काका दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचे. एकदा गोळ्या घेऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक छापील पॅड काढलं. खात्यातून निघताना जुनी, रद्द झालेली नमुन्याची पॅडं त्यांनी साहेबांना विचारून घरी आणली होती. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद त्यांनी फाडून माझ्यासमोर ठेवला. ‘याद्वारे कळविण्यात येते की, खारपट्टा या मुलखातील मौजे वेशीपुरा येथे एक औषधवाली बाई दाखविण्यात येत आहे. ती चिठ्ठीशिवाय कोणासही औषध देत नाही. सदर बाई आपणावरून घेण्यात आली आहे. हरकत असल्यास रविवारी दुपारी चार वाजता समक्ष हजर राहून सांगावी.’

मी म्हटलं, “काका, हे काय आहे?”

“नोटीस आहे, बाई. हरकत आहे काय?”

हरकत घ्यायला तरी बघावं लागेल म्हणून मी त्या रविवारी गेले, आणि पुढे अडीच वर्षं जात राहिले.

काकांच्या घरी रविवारी जो खेळ चालायचा तो असा. एकजण एक आख्खा मुलूख मनानं रचतो. त्यातले रस्ते, नद्या, राजे, भुतं सगळं त्याचं. बाकीचे त्या मुलखात एकेक माणूस होऊन हिंडतात. मी वेशीतून आत जातो, मी त्याच्याशी भांडतो, असं नुसतं तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा सांगतो. गल्लीतले लोक याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

मुळात खेळ अनिकेतचा. तो आणि इमरान इंजिनिअरिंगला असताना काकांच्या समोरच्या खोलीत खेळायचे. पुढे अनिकेत कॅनडाला गेला, इमराननं माझ्या शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. एका रविवारी इमरान अनिकेतचं खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक परत द्यायला गेला. काका म्हणाले, “ठेवून काय करू? बस इथं. मले शिकव.” काकूंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात बोलायला कुणी नव्हतं, हे काकांनी कधी बोलून दाखवलं नाही, इमराननंच सांगितलं.

ते पुस्तक काकांनी सातबारा वाचावा तसं वाचलं, आणि समासात लाल पेनानं शंका काढल्या. ‘किल्ला डोंगरावर, विहीर कोठे?’ ‘चारशे शिपाई खातात काय? शेत दाखविले नाही.’ ‘अजगर उडतो ते ठीक, निजतो कोठे?’ बर्फाळ घाटातून आठ दिवसांचा प्रवास होता, तिथं त्यांनी पूर्ण पानावर फुली मारली होती. इमराननं विचारलं, “काका, हे काहून काढलं?”

“तू बर्फ कुठी पाह्यला?”

“फ्रिजात.”

“मंग फ्रिजाएवढंच सांग. जे पायाखाली घातलं नाही त्याचा नकाशा काढू नये.”

म्हणून त्यांनी स्वतःचा मुलूख काढला, खारपट्टा. आमच्याकडे अकोल्यापासून दर्यापूरपर्यंत जमिनीखालचं पाणीच खारट आहे. विहीर खोदली तरी तोंडात घालवत नाही. काकांचा जन्म त्याच पट्ट्यातला, मूर्तिजापूरकडचा. त्यांच्या मुलखात सोन्याला भाव नव्हता. गोड पाणी उत्तरेच्या डोंगरातून यायचं, आणि ज्याच्या ताब्यात गोड विहीर तो राजा. नकाशा त्यांनी खात्यातल्यासारखा मेणकापडावर काढला होता, चार फूट लांब, प्रमाण घातलेला, प्रत्येक शेताला गट नंबर. मी म्हटलं, भुताच्या शेताला गट नंबर कशाला? ते म्हणाले, “भूत झालं म्हनून काय झालं, धुरा तं लागतेच ना.”

तिथली जादूही त्यांनी बैलबाजारातून आणली होती. बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, तोंडानं कुणी बोलत नाही. खारपट्ट्यात भुताशी सौदा तसाच व्हायचा. काका टेबलावर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचे, त्याखाली त्यांचा हात आणि आपला हात. ते भूत. किती वर्षांचं आयुष्य मागताहेत ते बोटांवर कळायचं. काकांचा हात थंड आणि कोरडा होता. माझ्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात बऱ्याच दिवसांनी लागला होता. त्यांनी चार बोटं दाबली, मी दोन परत केली, तिनावर सौदा ठरला. तेवढा वेळ मी दुकान विसरले होते.

वेशीपुऱ्याची वेस कोड्यानं उघडायची नाही. तिथं पोळ्याला बैलांपुढे म्हणतात तशी झडती, म्हणजे चढाओढीचं यमकाचं कवन, म्हणावी लागायची. इमरानचं घराणं अंजनगाव सुर्जीचं, पानमळ्यातलं. लहानपणापासून पोळ्याच्या तोरणाखाली त्यानं झडत्या ऐकलेल्या. तो खुर्चीवर उभा राहिला आणि कानावर हात ठेवून ओरडला,

“काळ्या रानात कापूस फुटला,
राजाचा पहारा वेशीत झोपला,
दार उघडा नाही तं सांगतो साफ,
या वेशीचा मीच आहो खरा बाप!”

काकांनी फासा टाकायलाही लावला नाही. “उघडली,” म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

मुलखात जे जे कुणावरून घेतलेलं असेल त्याला नोटीस जायचीच. मूर्तिजापूरला जुनी छोटी गाडी होती, शकुंतला म्हणतात तिला. ती बंद पडली. काकांनी खारपट्ट्यात एक मेलेला रूळ घातला आणि त्यावर कंदील घेऊन उभा असलेला स्टेशनमास्तर. तो एका खऱ्या निवृत्त मास्तरवरून घेतलेला होता. काका त्यासाठी एसटीनं मूर्तिजापूरला गेले. म्हातारा अंथरुणावर होता. नोटीस वाचून त्यानं विचारलं, “तथी गाडी येते काय?”

“नाही येत,” काका म्हणाले.

“मंग बराबर आहे,” म्हातारा म्हणाला आणि सही केली.

हे नोटिशीचं वेड आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. काकांनी अगदी सरळ सांगितलं. नोकरीत असताना एका वजनदार माणसाच्या शेताची हद्द कायम करायची होती. उन्हाळ्याचे दिवस, साखळी पसरली, पंच आले, सगळी तयारी झाली. नियम असा की लगतच्या शेतवाल्यांना आधी नोटीस गेली पाहिजे. लगत एका बाईचं दीड एकर होतं. ती लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेलेली, नोटीस तिला पोचलीच नव्हती. काकांनी साखळी गुंडाळली. तो माणूस म्हणाला, दीड एकराची बाई, ती काय बोलते? काका म्हणाले, “थे काय बोलते थे तुमाले नाही माहीत, मलेबी नाही माहीत. म्हनून तं नोटीस.” महिन्याभरात त्यांची बदली झाली. काकू तेव्हा आजारी होत्या, आणि काका दोन वर्षं धामणगाव रेल्वेला खोली करून राहिले. “पन बिनानोटिशीची मोजनी मी जिंदगीत केली नाही,” म्हणाले. त्यांनी बढाई मारल्याचं मला आठवतं ते एवढंच.

सुमनला टेबलावर मी आणलं. सुमन कासदेकर, शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे यायची. मेळघाटातली, धारणीच्या वरच्या अंगाची, कोरकू. हसायची कमी, पण हसली की सगळं दुकान हसायचं. मी म्हटलं, रविवारी सुटी असेल तर ये, एक वेडगळ प्रकार दाखवते. पहिल्या दोन रविवारी ती रमली. तिनं मेलेल्या रुळावरच्या मास्तरला चहा पाजला, जे आम्हाला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही उत्तरेच्या डोंगरात पुन्हा शिरलो. तिथं काकांनी ‘खांबवाले’ नावाचे लोक ठेवले होते. हे लोक मेलेल्या माणसासाठी सागवानी खांब कोरून रानात रोवायचे, आणि तो खांब जो उपटेल त्याला त्या मेलेल्याचं बळ मिळायचं. खांबवाले झाडीतून बाण मारायचे, आम्ही त्यांना चुकवून खांब उपटायचे. सुमन येण्याआधीच मी एक उपटला होता. तो माझ्या गाठोड्यात होता, आणि त्यामुळे माझ्या औषधवालीला कुस्तीत कुणी हरवू शकत नव्हतं.

काका वर्णन करू लागले. “खांब पुरुषभर उंच. वरच्या अंगाले कोरीव काम...”

“चांद आणि सूर्य,” सुमन म्हणाली. “खाली घोड्यावर बसलेला माणूस.”

काका खूश झाले. “तुले कसं माहीत?”

“आमच्या आजोबांचा आहे ना. गावाबाहेर. आजीनं करवून घेतला.”

तोवर इमराननं फासा टाकलेला होता. फासा टेबलावर गरगरला आणि एकोणीसवर थांबला. इमरान सवयीनं बोलून गेला, “निकला! उखड गया!”

सुमननं फाशाकडे पाहिलं. आवाज न चढवता तिनं विचारलं, “हा कोणाचा काढला?”

नाव ठेवलेलंच नव्हतं. खारपट्ट्यात भुतांच्या शेतांना नंबर होते, कुत्र्यांना नावं होती, त्या डोंगरातल्या एकाही मेलेल्याला नाव नव्हतं. सुमननं चहा संपवला, कप आत नेऊन विसळला, ड्यूटी आहे म्हणाली आणि गेली. तिला आणणारी मी. मला खूप वाईट वाटायला हवं होतं. वाटायची जागा कुठे आहे ते मला माहीत होतं, पण तिथं हात लावून काही लागत नव्हतं.

काका नकाशावर हात ठेवून बसले होते. इमरान म्हणाला, “काका, खेळ आहे. तिलाबी माहीत आहे.”

“नोकरी लागली तवा दोन महिने तिकडं मोजनीले होतो,” काका म्हणाले. “खांब पाह्यले. लय सुंदर. कोनाचे म्हनून विचारलं नाही. आता मुलूख काढताना बी नाही विचारलं. मास्तरले नोटीस देली, या बाईले देली, पानटपरीवाल्याले देली. तिकडं नाही देली.” मग म्हणाले, “मले वाटलं, तिकडं लगत कोनीच नाही.”

त्या आठवड्यात ते दुकानात आले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी सुमनच्या आजीच्या नावे नोटीस लिहिली आणि ती मला वाचायला दिली. ‘आपणांस आगाऊ न कळविता’ या शब्दांखाली लाल रेघ होती. सुमननं ती वाचली, घडी घातली आणि म्हणाली, “आजीला वाचता येतं. पण तुम्हीच येऊन द्या.”

काका, सुमन आणि मी, आम्ही तिघं एसटीनं गेलो. परतवाडा सोडल्यावर घाट लागतो. काका खिडकीशी बसून ओठ हलवत होते. गाडीत पावलं कशाची मोजताय, असं मी विचारणार होते, पण राहू दिलं.

आजी अंगणात मोहाची फुलं वाळवत होती. काका खाटेवर बसले नाहीत. उभे राहून त्यांनी नोटीस मोठ्यानं वाचली. सुमन कोरकूत सांगत गेली. आजीनं खेळाबद्दल बरंच विचारलं. घरात बसूनच हिंडता? पाय न उचलता? मग तिनं विचारलं, “तुमच्या त्या खांबातल्या माणसाचं नाव काय?”

“नाव नाही ठेवलं,” काका म्हणाले.

आजी काहीतरी बोलली. सुमननं ते जसंच्या तसं सांगितलं. “ती म्हणते, नाव नाही तर खांब कशाला केला?”

काकांनी मान खाली घातली. मग खात्यातल्या आवाजात, पण हळू, विचारलं, “हरकत आहे काय?”

मला वाटलं होतं, म्हातारी हसेल. जाऊ द्या म्हणेल, चहा पाजेल. आपल्याला तशीच सवय असते.

“आहे,” आजी म्हणाली. हे तिनं मराठीत सांगितलं.

तिची हरकत दोन कलमांची होती. उपटलेले खांब होते तिथं परत रोवायचे, ज्यानं उपटला त्यानंच, आणि खांब कोणाचा ते सांगून. आणि ते झालं की आमचं रान तुमच्या खेळातून काढून टाकायचं. काकांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मग पिशवीतून शाईचं पॅड काढून तिच्यापुढे धरलं, अंगठ्यासाठी. सुमननं आधीच सांगितलं होतं की आजीला वाचता येतं, तरी त्यांचा हात सवयीनं पिशवीत गेला. आजीनं पॅडकडे पाहिलं, त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सही केली. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर आजीनं चहा दिला.

खाली उतरताना मी म्हटलं, “काका, डोंगर काढला तर मुलखाला पाणी कुठून?”

“नाही येनार.”

“मग खारपट्टा?”

“वाळीन.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अकरा वर्सं काढत होतो तो नकाशा, बाई. आपल्याकडंबी तसंच आहे पाहा. पानी त्यायचं, नकाशा आपला.”

घरी आल्यावर त्यांनी पट्टी लावून, ब्लेडनं, डोंगराच्या पायथ्यापासून नकाशाचा उत्तरेचा भाग कापला. तो गुंडाळून सुमनला दिला. “ठेव तुझ्यापाशी. खांब रोवेस्तोर तथी कसं काय आहे, थे तू सांगशीन. मी बोलनार नाही.” इमरान फार भांडला. “काका, पूरा मुल्क सूख जायेगा! एक म्हातारीसाठी?” काकांनी त्याला गप्प बस असंसुद्धा म्हटलं नाही. नुसतं “दीड एकराची होती थेबी” असं पुटपुटले.

इमरानचा खांब रोवायचा रविवार मला आठवतो. काका कोपऱ्यात स्टुलावर, हातात हात घेऊन, विद्यार्थ्यासारखे बसले होते. टेबलाच्या डोक्याशी सुमन. तिनं रानाचं वर्णन केलं ते काकांसारखं नव्हतं. अंतरं नव्हती, दिशा नव्हत्या. कुठल्या झाडाखाली कोण बसायचं, कुणाची म्हैस कुठे हरवली होती, असं काय काय. मग तिनं इमरानला विचारलं, “हा कोणाचा?”

इमरान बराच वेळ फासा हातात घोळवत राहिला. मग म्हणाला, दादाजान का. त्याचे आजोबा अंजनगावला पानमळ्यात वेलाची पानं खुडायचे, उजव्या हाताच्या अंगठ्याला लोखंडी नखी लावून. ती नखी अजून इमरानच्या दुकानाच्या गल्ल्यात आहे. गेले तेव्हा इमरानची परीक्षा होती, मिट्टी द्यायला तो पोचला नव्हता. हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सुमन म्हणाली, “रोव.” फासा टाकावा लागला नाही. इमरान तोंड धुवायला आत गेला आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

उरला माझा. माझा रोवला की डोंगर बंद, पाणी बंद, खारपट्टा संपला. सुमनच्या ड्यूट्या, मग इमरानच्या घरचं लग्न, असे रविवार पुढे जात राहिले. काका घाई करत नव्हते. मीही करत नव्हते. कोणाचं नाव सांगायचं ते मला माहीत होतं. ते नाव मी मिस्टर गेल्यापासून मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. लोकांसमोर ‘हे’ म्हणायचे, कागदावर ‘कै.’ लावून लिहायचे.

काका गेले ते एका रविवारी पहाटे, झोपेत. दूधवाल्यानं इमरानला सांगितलं, इमराननं मला. अनिकेतला येणं शक्य नव्हतं, त्यानं मोबाइलवर पाहिलं. इमराननं फोन धरून ठेवला होता. दुपारी एकपर्यंत सगळं उरकलं. मी अंघोळ केली, वरणभात खाल्ला, आणि चार वाजता काकांच्या घरी गेले, कारण माझ्याकडे चार वाजताची नोटीस होती. इमरान आधीच येऊन बसला होता. मागून सुमन आली, बगलेत डोंगराची गुंडाळी घेऊन. आम्ही कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. स्टूल रिकामं होतं. मोजणीच्या दिवशी सगळे हजर राहिले आणि मोजणारा साहेबच आला नाही, तर मोजणी होत नाही, रद्दही होत नाही, पुढची तारीख पडते. हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. आम्ही साडेपाचपर्यंत थांबलो आणि कुलूप लावून निघालो.

पुढची तारीख अजून पडलेली नाही. खांब माझ्या गाठोड्यातच आहे. सुमन म्हणते, तुम्ही म्हणाल तेव्हा बसू, आजीला सांगितलेलं पाळायला पाहिजे. तिचं बरोबर आहे. पण माझ्याकडे आता दोन नावं आहेत आणि खांब एकच. शिवाय माझा खांब रोवलेला नाही तोवर खारपट्ट्याचं पाणी चालू आहे. हे स्वार्थी आहे, मला कळतं.

ती चार वाजताची नोटीस काकांनी जाण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दुकानात आणून दिली होती. उन्हाची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. महिन्याच्या गोळ्या घेतल्या आणि कागद काउंटरवर ठेवला. ‘आपले ताब्यातील खांब उद्या रोजी दुपारी चार वाजता रोवण्याचे योजिले आहे. खांब कोणाचा ते ठरवून यावे.’

“ठरलं काय, बाई?”

“ठरलं.”

“इथं नका सांगू. तथी सांगा.”

मी म्हटलं, “काका, मुलूख संपला की तुम्ही रविवारी काय करणार?”

“बसीन,” म्हणाले.

पायरी उतरून ते ओठ हलवत निघाले. पंधरावीस पावलं गेले असतील, तेवढ्यात एक स्कूटरवाला त्यांना थांबवून काहीतरी पत्ता विचारू लागला. त्यांनी हात करून नीट सांगितला. स्कूटर गेली. काका तिथंच उभे राहिले, मागे बघितलं, आणि उन्हातून परत माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले. मोजणी चुकली होती. माझ्याकडे बघितलंही नाही. पायरीला टाच लावली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मीही आत बसून त्यांच्याबरोबर मोजत गेले. अठ्ठ्याऐंशीला फाटकाची कडी वाजली.